वैमानिकाचा पगार आणि पेन्शनची वर्षे

हवाई दलाची जाहिरात आली की अम्मी-अब्बा आमच्याकडे आधी पगाराची चौकशी करतात. फ्लाइंग ऑफिसरचे मूळ वेतन 56,100 रुपये, वर 15,500 लष्करी सेवा वेतन, शिवाय उड्डाणभत्ता. आकडा चांगलाच आहे. पण आम्ही विचारतो, मूल कोणत्या दाराने आत जाणार?

खडकवासल्याच्या एनडीएतून गेलेल्यांना पर्मनंट कमिशन मिळते. (2022 पासून तिथे मुलीही आहेत.) एएफकॅट देऊन वैमानिक झाल्यास शॉर्ट सर्व्हिस: 14 वर्षे, मुदतवाढ नाही. आणि अधिकाऱ्याला पेन्शनसाठी लागतात 20 वर्षे! म्हणजे छत्तिशी-सदतिशीत, मुले शाळेत असताना, हाती ग्रॅच्युइटी आणि आपली बचत तेवढी. विमान कंपनीत जाता येते, पण नागरी परवाना वेगळा काढावा लागतो.

बढतीचे गणित निराळे. 13 वर्षांच्या सेवेने विंग कमांडर होता येते. ग्रुप कॅप्टनसाठी मात्र निवड मंडळ, नाही तर 26 वर्षे थांबणे. वर जावे तसे उड्डाण कमी, टेबल जास्त. 20 वर्षांनंतर मंजुरी मिळाली तर शेवटच्या वेतनाच्या निम्मी पेन्शन घेऊन बाहेर पडता येते. तेव्हा थांबायचे की निघायचे, हे ठरवताना घरचे कर्ज आणि मुलांची फी आधी मोजावी लागते.