शिस्त : उपदेशाची आणि समुपदेशनाची

शाळेतील शिस्तीचा विषय निघाला की आपणांस प्रथम छडी आठवते आणि नंतर प्रार्थना. छडीस २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मज्जाव केला. तेव्हा प्रश्न उरतो तो असा : मुलाचे वर्तन आतून घडवावयाचे कोणी?

धर्मशिक्षक असे पद आपल्या शाळांत सहसा नसते, त्यास घटनात्मक कारण आहे. राज्यघटनेच्या २८ व्या कलमान्वये पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीवाचून ते अज्ञान विद्यार्थ्यावर लादता येत नाही. त्यामुळे हे कार्य संतवाङ्मय शिकविणाऱ्या भाषाशिक्षकाकडे आले. विद्यार्थ्यांस मार्गदर्शन हवे, ही शिफारस मुदलियार आयोगाने (१९५२-५३) आणि पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) केली होती. तरी लहान गावांत समुपदेशकाचे काम बहुधा वर्गशिक्षकच करतो.

ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीत कशी नांदतात, हे साने गुरुजींत दिसते. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते व छात्रालयही सांभाळीत. मुलांनी टाकलेली अंथरुणे, विखुरलेले कपडे ते न बोलता आवरून ठेवीत. धर्माचा पाठ असा कृतीतून मिळाल्यावर रागावण्याचे प्रयोजनच उरत नसे. आपल्या समारंभांतून त्यांच्या केवळ अश्रूंची आठवण निघते, हे मला नेहमी खटकते.

आपल्या पांढुर्ण्यात या प्रश्नाची कसोटी दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लागते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि पांढुर्णा व सावरगाव परस्परांवर दगडांचा वर्षाव करतात. बंदोबस्त, मनाईहुकूम, दगडांऐवजी रबरी चेंडू, असे उपाय प्रशासनाने करून पाहिले. गोटमार थांबलेली नाही. एका बाकावर बसणारी दोन मुले त्या दिवशी दोन काठांवर उभी राहू शकतात.

येथे शिक्षक वर्गास सांगू शकतो की झेंडा शेवटी चंडीमातेच्या चरणीच जातो, आणि देवीच्या भक्तीसाठी शेजाऱ्याचे डोके फुटण्याची आवश्यकता नाही. हे सर्वांसमोर, स्पष्टपणे बोलावयाचे असते. समुपदेशकाचे काम एकांतातले. ज्याचा भाऊ वा काका पूर्वी जखमी झाला, त्या मुलाच्या मनात सूड आहे की भय, की मित्रांत भित्रा ठरण्याची लाज, हे त्याला विचारावे लागते. उत्तर ऐकून तो ते मुख्याध्यापकांच्या कानी घालू लागला, तर पुढल्या वर्षी कोणीही त्याच्याजवळ बसणार नाही. मुलाच्या जिवास धोका असेल तेवढाच अपवाद, आणि तोही मुलास आधी सांगून ठेवलेला असावा.

सौंसर-पांढुर्ण्याच्या शाळांनी हे काम श्रावणातच आरंभावे. पोळ्याच्या आदल्या दिवशीची सूचना फळ्यावरच राहते. पालकांनाही त्यात बोलवावे. मुलाच्या हाती पहिला गोटा कधी कधी घरच्याच वडीलधाऱ्या माणसाने ठेवलेला असतो.