विश्लेषण : बीटा, आरसी की नाईटली? सॉफ्टवेअर लायब्ररीची कोणती आवृत्ती कधी घ्यावी?

२५ ते ३० डिसेंबर २०२२ या काळात ज्यांनी लिनक्सवर ‘पिप’ वापरून ‘पायटॉर्च’ची नाईटली आवृत्ती बसवली, त्यांच्या संगणकात एक बनावट पॅकेज शिरलं. होम फोल्डरमधल्या पहिल्या हजार फायली आणि एसएसएचच्या किल्ल्या ते गुपचूप बाहेर पाठवत होतं. स्थिर आवृत्ती वापरणाऱ्यांना मात्र काहीच झालं नाही.

हिंजवडी आयटी पार्कच्या शेजारी मारुंजी, जांबे, नेरे ही मुळशीतली गावं आहेत. तिथे घरून काम करणाऱ्या अभियंत्यापासून कॉलेजच्या प्रोजेक्टवर बसलेल्या विद्यार्थ्यापर्यंत अनेकांसमोर हा प्रश्न येतो : हवी ती सोय स्थिर आवृत्तीत नाही, मग प्री-रिलीज घ्यायची की थेट डेव्हलपमेंट आवृत्ती?

दोन्हींत फरक काय?

नाटकाच्या भाषेत सांगायचं तर डेव्हलपमेंट आवृत्ती म्हणजे रोजची तालीम. काल असलेला प्रवेश आज कापलेला असू शकतो. रात्री त्या दिवसापर्यंतच्या कोडमधून आपोआप बिल्ड तयार होतं, म्हणून नाव ‘नाईटली’. प्री-रिलीज म्हणजे रंगीत तालीम. त्यातही पायऱ्या आहेत : अल्फा, बीटा आणि शेवटी आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट. मोठी चूक सापडली नाही, तर आरसीच जवळपास जशीच्या तशी अंतिम आवृत्ती होते. पायथॉनच्या नियमांत हा क्रमही ठरलेला आहे. एकाच क्रमांकाची ‘डेव्ह’ आवृत्ती अल्फाच्याही आधीची मानली जाते.

रंगीत तालमीला लोक आले नाहीत तर काय होतं, हे ‘नमपाय’ने दाखवलं. २००६ नंतरची तिची पहिली मोठी आवृत्ती, २.०, जून २०२४ मध्ये आली. जुन्या नमपायवर कंपाईल केलेली पॅकेजेस तिच्यासोबत चालणार नव्हती. म्हणून बीटा आणि आरसी काही महिने आधीच खुल्या केल्या होत्या. ज्या प्रकल्पांनी आरसीवर आपली पॅकेजेस पुन्हा बांधली, त्यांचे वापरकर्ते निभावले. बाकीच्यांना ‘हे मॉड्यूल नमपाय १ वर कंपाईल केलेलं आहे’ अशा अर्थाची चूक पडद्यावर दिसली. तुमचं स्वतःचं पॅकेज दुसरे कोणी वापरत असतील, तर आरसीवर चाचणी घेणं हा हौसेचा भाग राहत नाही.

मग नाईटली कोणासाठी?

नेमकी तुमची अडचण सोडवणारी दुरुस्ती कोडमध्ये आली आहे, पण कोणत्याही बीटात नाही, अशा वेळी. किंवा ती दुरुस्ती खरंच चालते का, हे तपासून कळवायचं असेल तेव्हा. २०२२च्या अखेरीस अनेकजण पायटॉर्चच्या नाईटलीवर होते, कारण २.०ची घोषणा झाली होती आणि स्थिर आवृत्ती मार्च २०२३ मध्ये यायची होती. घात झाला तो पायटॉर्चच्या कोडमुळे नव्हे. नाईटलीला लागणारं ‘टॉर्चट्रायटन’ हे पॅकेज पायटॉर्चच्या स्वतःच्या साठ्यात होतं. त्याच नावाचं पॅकेज कोणीतरी सार्वजनिक ‘पायपीआय’वर टाकलं आणि पिपने तेच उचललं.

पिप एरवी प्री-रिलीज टाळतो. मात्र ‘--प्री’ हा पर्याय दिला, की ती मुभा फक्त हव्या त्या लायब्ररीला मिळत नाही. सोबत येणाऱ्या सगळ्या पॅकेजेसना मिळते. एक आरसी आणायला गेलात आणि चार बीटा घरात आल्या, असं होतं ते यामुळे. त्यापेक्षा त्या एकाच लायब्ररीचा पूर्ण आवृत्ती क्रमांक, ‘आरसी१’सकट, लिहिणं बरं.

नाईटली घ्यायचीच असेल, तर वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये घ्यावी आणि तारखेसह पूर्ण क्रमांक लिहून ठेवावा. जुने नाईटली बिल्ड काही काळाने काढून टाकले जातात. प्रोजेक्ट सादर करायच्या आदल्या दिवशी तेच बिल्ड पुन्हा मिळेलच असं नाही. आणि ग्राहकाच्या सर्व्हरवर? तिथे आरसीही नको.