दाराचें कुलूप आणि विहिरीवरील राखण

देशावरील जुन्या घरांस कुलूप ठाऊक नव्हतें असें नाहीं; परंतु त्याचें काम बहुधा पेटीपुरतें असे. वाड्याच्या दरवाजास रात्रीं आंतून अडसर, साध्या घरास कडी-कोयंडा, एवढा बंदोबस्त पुरे होई. सारीं माणसें शेतावर गेलीं तरी ओसरीवर एखादी म्हातारी धान्य निवडीत बसलेली असावयाचीच. मोठा सांठा जमिनीखालीं पेवांत. पेव उघडल्याबरोबर आंत उतरणारा माणूस कोंडलेल्या हवेनें गुदमरून मरावयाचा. तेव्हां तेथें चोरासही घाई करून चालत नसे.

खरी राखण दाराबाहेर होती. पुष्कळ गांवीं ती रामोशी अथवा जागल्या यांजकडे असे. चोरी झाल्यास त्यानें पावलांचा माग काढावा, तो शिवेपर्यंत नेऊन पुढील गांवच्या राखणदाराच्या स्वाधीन करावा, आणि माग न लागल्यास नुकसान भरून द्यावें, अशी वहिवाट होती. ती न्यायाची होती असें मात्र म्हणवत नाहीं. ज्याच्या पदरीं मूठभर धान्य, त्यानें बागाईतदाराची चोरी भरून द्यावयाची! 1958 च्या कायद्यानें कनिष्ठ गांववतनें रद्द झालीं.

पुढें घरेंही रिकामीं पडूं लागलीं. एकत्र कुटुंबें विभागलीं, कर्तीं माणसें नोकरीस लागलीं, म्हातारी मुलाकडे शहरांत गेली. पूर्वीं दिवसा कुलूप दिसलें कीं शेजारी तें मनास लावून घेई. आतां घर उघडें टाकणाराच निष्काळजी ठरतो. नेवासें तालुक्यांतील शनिशिंगणापूर श्रद्धेमुळें बिनदारांच्या घरांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथें 2011 सालीं यूको बँकेनें शाखा उघडली, ती गांवाचा मान राखून काचेच्या दाराची. पण त्या दारास सहज नजरेस न येणारें विजेचें कुलूप होतेंच. 2015 सालीं तेथें पोलीस ठाणेंही झालें.

इतकें करून आपण कुलूप लावितों तें घरास, आणि आज शेतकऱ्याचें धन पडलेलें असतें रानांत. पंप, स्टार्टर, ठिबकच्या नळ्या, तांब्याची केबल. गेल्या रब्बींत आमच्या विहिरीवरील केबल रातोरात गेली. गहूं तीन आठवड्यांचा, मुकुटमुळें फुटण्याची वेळ. नेमकें तेंच पाणी चुकलें. केबलीची किंमत पावतीवर दिसते, गव्हाचें झालेलें नुकसान कोठेंच नोंदलें जात नाहीं. तक्रार देतांना मोटारीचा क्रमांकही मला सांगतां येईना. बंधूंनो, तो आजच वहींत लिहून ठेवा, आणि खरेदीच्या पावत्या जपा.

ओढ्याकाठच्या आम्हां पांच विहिरींच्या धन्यांनीं आतां रात्रीं पाळीपाळीनें फेरी धरिली आहे. ज्या रात्रीं वीज असते त्या रात्रीं कोणी ना कोणी पाण्यावर असतोच, आणि जिवंत तारेस चोर हात लावीत नाहीं. धोका असतो तो वीज दिवसा मिळते त्या आठवड्यांत. रान निजलेलें, तारा निर्जीव. म्हणून फेरी त्याच रात्रींची. माझी पाळी गुरुवारीं असते.