होतकरू खेळाडूला 80 गुण म्हणजे किती?

अमेरिकेत बेसबॉलचे होतकरू खेळाडू 20 ते 80 या पट्टीवर पारखले जातात. अचूक फटका, ताकद, धाव, क्षेत्ररक्षण आणि फेक यांना वेगवेगळे गुण मिळतात. 50 म्हणजे मेजर लीग या अव्वल व्यावसायिक लीगची सरासरी. पुढचे दर 10 गुण म्हणजे साधारण एक प्रमाण विचलन. म्हणून 80 गुण हजारात एखाद-दुसऱ्यालाच मिळावेत.

धावणं घड्याळावर मोजता येतं: पहिल्या बेसपर्यंत 90 फूट. फटक्याचा अंदाज बांधणं फार कठीण, कारण शाळकरी मुलानं ताशी 150 किलोमीटरचे चेंडू रोज खेळलेले नसतात. हा अंदाज कसा चुकतो पाहा: 1988 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडताना, माइक पियाझा या खेळाडूचा क्रमांक होता 1390. 2016 मध्ये तो बेसबॉलच्या मानाच्या हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला. गुण जरूर वाचा, पण विशीच्या आतल्या पोराला निकालात काढू नका.