खाडीचा श्वास का कोंडतो?

ओहोटीच्या वेळी मुंब्र्याजवळ लोकलच्या डब्यात कधीकधी कुजक्या अंड्यांसारखा वास शिरतो. तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. खाजणातल्या चिखलाला असा वास थोडाफार येतोच. पण पाण्यालाच तो येऊ लागला, तर त्यातला प्राणवायू संपत आला आहे असे समजावे.

ठाणे, कल्याण-डोंबिवली परिसरातले सांडपाणी नाले, वालधुनी आणि उल्हास नदीतून खाडीत उतरते. त्यातली सेंद्रिय घाण फस्त करताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. तो संपला की सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढतात आणि हा विषारी वायू तयार होतो. उन्हाळ्यात संकट दुप्पट, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. लिटरभर गोड्या पाण्यात शून्य अंशाला सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू राहतो, तर ३० अंशाला जेमतेम साडेसात. निवटी ओल्या त्वचेतून हवेतला प्राणवायू घेऊन तगते; बोईट, कोळंबीला ती सोय नाही.

पृथ्वीने हे मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी सायबेरियातील प्रचंड लाव्हा उद्रेकांमुळे कर्बवायू वाढला, समुद्र तापले आणि त्यांतला प्राणवायू घटला. दर दहापैकी आठहून अधिक सागरी प्रजाती नष्ट झाल्या.

आजही दिशा तीच आहे. १९६० नंतरच्या पाच दशकांत जगातील महासागरांनी सुमारे दोन टक्के प्राणवायू गमावला. अरबी समुद्रात तर साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीवर प्राणवायू अत्यल्पच असतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर हे पाणी पश्चिम किनाऱ्याकडे वर सरकते. तेथील प्राणवायूची टंचाई तीव्र होत असून त्यातून नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू बाहेर पडतो, असे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० मध्ये मांडले. किनाऱ्यावरून येणारी खते आणि सांडपाणी त्यात भर घालतात.

समुद्राचे तापणे एकट्या ठाण्या-कल्याणला रोखता येणार नाही. सांडपाणी शुद्ध करूनच सोडणे मात्र येथल्या महापालिकांच्या आणि कारखान्यांच्या हातात आहे. १९५७ मध्ये लंडनची थेम्स नदी जैविकदृष्ट्या मृत ठरवली गेली होती. सांडपाण्यावरील प्रक्रिया सुधारली आणि तिथे मासे परतले. घाणीचा ओघ थांबला, तर भरती-ओहोटीचे पाणी खाडीलाही पुन्हा श्वास देऊ शकते.