चिनी युद्धकलेचे आद्यगुरू आणि आपली प्रमाणदृष्टी

आयुर्वेदाच्या परिसंवादांत व स्मरणिकांत एक विधान सर्रास आढळते. दक्षिण भारतातील बोधिधर्म नामक राजपुत्राने आयुर्वेद, योग आणि मल्लविद्या चीनमध्ये नेली व शाओलिन मठात कुंग-फूचा पाया घातला, असे ते विधान. २०११ साली ‘एळाम अरिवु’ हा तमिळ चित्रपट आल्यापासून तर बोधिधर्म अनेकांच्या मनात वैद्यच ठरला आहे. कथा मनोहर आहे. तथापि आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती ही चरकाचार्यांनी सांगितलेली चतुर्विध परीक्षा केवळ रुग्णशय्येपाशी ठेवून द्यावयाची नाही. येथे आप्त कोण, हा पहिला प्रश्न.

बोधिधर्माचा सर्वांत प्राचीन उल्लेख यांग श्वानचि याने इ.स. ५४७ च्या सुमारास लोयांग नगरीतील विहारांविषयी लिहिलेल्या ग्रंथात आहे. तेथे तो पारसदेशीय भिक्षू असून आपले वय दीडशे वर्षे सांगतो! सातव्या शतकात दाओश्वान याने लिहिलेल्या चरित्रात तो दक्षिण भारतीय ठरतो. ध्यानमार्गाची चर्चा दाओश्वानकडे आहे, पण मुष्टियुद्धाविषयी मात्र कोठेच चकार शब्द नाही. हेनान प्रांतात सोंग पर्वतावरील शाओलिन मठ इ.स. ४९५ च्या सुमारास स्थापन झाला, तोही बातुओ या दुसऱ्याच भारतीय भिक्षूसाठी.

मग ही कथा आली कोठून? ‘यीजिनजिंग’ या व्यायामविषयक ग्रंथातून. (‘जिन’ म्हणजे आपल्या परिभाषेतील स्नायू व कंडरा, व्यवहारातील मराठीत ‘स्नायू’ म्हणून आपण जी मांसपेशी समजतो, ती नव्हे.) बोधिधर्माने मागे ठेवलेल्या लोखंडी पेटीत हे सूत्र सापडले, असे ग्रंथ सांगतो. प्रत्यक्षात तो इ.स. १६२४ चा, म्हणजे बोधिधर्मानंतर सुमारे हजार वर्षांनी रचलेला आहे. त्याला इ.स. ६२८ ची म्हणून सेनापती ली जिंग यांच्या नावे प्रस्तावना जोडलेली आहे. पण तीत एका कल्पित कथेतील नायक खराखुरा मनुष्य म्हणून अवतरतो. हा बनाव चिनी विद्वानांनीच उघड केला. अठराव्या शतकात लिंग तिंगकान याने त्याची थट्टा केली होती आणि १९३० च्या सुमारास तांग हाओ यांनी त्याची साधार चिकित्सा केली.

खुद्द शाओलिनच्या भिक्षूंचे आद्यगुरू निराळेच होते आणि त्यांची कथा आपल्याकडे कोणी सांगत नाही, याची मला खंत वाटते. इ.स. १५१७ च्या मठातील शिलालेखानुसार, चौदाव्या शतकात लाल फेटेवाल्या बंडखोरांनी मठाला वेढा घातला. तेव्हा स्वयंपाकघरात राबणारा, केस पिंजारलेला एक सेवक चुलीतील लाकूड उचलून बाहेर आला. पाहता पाहता त्याने पर्वताएवढे रूप धारण केले आणि शत्रू पळून गेले. तो होता जिन्नालुओ, म्हणजे आपला संस्कृत किन्नर. शाओलिनची दंडविद्या भिक्षू याच्याच नावे सांगत. भारताशी नाते शोधावयाचेच असेल तर ते या शब्दात आहे.

वुदांग पर्वतावरील ताओपंथी चांग सानफेंग याचीही गत तीच. ह्वांग झोंगशी याने इ.स. १६६९ मध्ये लिहिलेल्या एका समाधिलेखानुसार, चांगला स्वप्नात देवाने मुष्टिविद्या शिकविली आणि दुसऱ्या दिवशी त्याने एकट्याने शंभरांवर लुटारू मारले. ताई-चीचा ऐतिहासिक माग मात्र सतराव्या शतकातील चेन घराण्याच्या गावापर्यंतच लागतो. दोन्ही दंतकथा एकाच अर्धशतकात उदयास याव्यात, हे लक्षणीय आहे.

बोधिधर्मापूर्वी चीनला व्यायाम ठाऊक नव्हता, हे गृहीतकही टिकत नाही. मावांगदुई येथे इ.स.पूर्व १६८ मध्ये बंद झालेल्या थडग्यात रेशमावरील व्यायामचित्रे १९७३ साली सापडली. तीत चव्वेचाळीस आकृती आहेत. उलटपक्षी, जे खरोखर भारतातून गेले त्याला उत्तम पुरावा आहे. मध्य आशियातील कुचा येथे इ.स. १८९० मध्ये मिळालेल्या बॉवर हस्तलिखितात ‘नावनीतक’ आहे, आणि सातव्या शतकात भारतात राहिलेल्या यीजिंग या चिनी भिक्षूने आपल्या अष्टांगांचा वृत्तान्त लिहून ठेवला आहे. एवढे हाती असताना लोखंडी पेटीची गरज काय?

वैद्यांना जवळचा वाटावा असा चिनी पूर्वज म्हणजे शल्यविद् हुआ तुओ. इ.स. २०८ च्या सुमारास त्साओ त्साओच्या आज्ञेने त्याचा अंत झाला. तिसऱ्या शतकातील त्याच्या चरित्रात व्याघ्र, मृग, अस्वल, वानर व पक्षी या पंचप्राण्यांच्या हालचालींवर बेतलेला व्यायाम वर्णिला आहे. अस्वस्थ वाटल्यास एका प्राण्याची क्रीडा करावी. घाम येतो, शरीर हलके होते, भूक लागते. लाघव आणि दीप्ताग्नी ही व्यायामाची फळे आपल्या संहिता वेगळी कोठे सांगतात? शरीर श्रमवावे, पण अतिरेक करू नये, असेही तो सांगे. सुश्रुताचार्यांचा अर्धबलाचा नियम येथे सहज आठवतो. एकाने दुसऱ्याकडून घेतले, असे म्हणण्यास आधार नाही. दोघांनीही रोगी पाहिले होते. हुआ तुओचा शिष्य वू पू हा व्यायाम नित्य करी. नव्वदीतही त्याचे कान व डोळे शाबूत होते आणि दात पक्के होते, असे चरित्रकार नोंदवितो.