विजेची गाडी : लेखांक नववा – पायाची जबानी आणि यंत्राची नोंद

गाडी आपल्या हुकमावाचून उधळली, ब्रेक दाबूनही थांबली नाही आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली, अशी जबानी देणारा चालक बहुधा खोटे बोलत नसतो. आपला पाय ब्रेकवरच होता याविषयी त्याची खात्री इतकी पक्की असते की न्यायासनासमोर शपथेवर उभे केले तरी तो तेच सांगेल. या प्रकरणांच्या तपासातली खरी अडचण त्याच्या या प्रामाणिकपणातच आहे. वाद तसा विजेच्या गाड्यांहून जुना. ऑडी ५००० या गाडीविरुद्ध १९८६ च्या सुमारास अमेरिकेत अशाच तक्रारींचा गदारोळ उठला, आणि १९८९ साली सरकारी तपासनिसांनी त्याचे खापर मुख्यतः चुकीच्या पॅडलवर पडलेल्या पायावर फोडले. परंतु त्या काळच्या गाडीला स्मरणशक्ती नव्हती, सबब तो निर्णय अनुमानाने करावा लागला, आणि अनुमानाने हरलेल्या पक्षाचे समाधान सहसा होत नाही.

आजच्या गाडीत, एअरबॅग फुगवायची की नाही हे ठरवणाऱ्या पेटीतच, धडकेपूर्वीच्या क्षणांची नोंद राहते. अमेरिकेच्या २००६ सालच्या नियमाने अशा नोंदीचे स्वरूप ठरवून दिले : अखेरच्या पाच सेकंदांतील वेग, ॲक्सिलरेटर किती टक्के दाबला गेला आणि ब्रेक लागला होता की नव्हता, हे सारे दर अर्ध्या सेकंदाला. विजेच्या गाड्यांचे काही कारखानदार याखेरीज स्वतःचे अधिक तपशीलवार दफ्तरही ठेवतात. टेस्लाच्या तीन प्रकारच्या गाड्या परत बोलवाव्यात, असा अर्ज सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा खात्याकडे दाखल झाला, तेव्हा खात्याने ही दोन्ही प्रकारची दफ्तरे उघडली आणि जानेवारी २०२१ मध्ये अर्ज फेटाळला. तपासलेल्या अपघातांपैकी ९७ टक्क्यांत ॲक्सिलरेटर ८५ टक्के किंवा त्याहून अधिक दाबलेला आढळला. ८६ टक्के अपघात वाहनतळ, घराचे आवार अशा अरुंद जागी घडले होते. आणि निम्म्याहून किंचित अधिक चालकांच्या हाती ती गाडी येऊन सहा महिनेही लोटले नव्हते. माझ्या मते या तिन्हींत शेवटचा आकडा सर्वांत बोलका आहे. यंत्राचा दोष मालकाच्या अनुभवाची चौकशी करून उपटत नाही.

येथे चिकित्सक वाचक एक रास्त हरकत घेईल. नोंदीत दिसतो तो संवेदकाने पाठवलेला आकडा. पाय त्यात कोठेच दिसत नाही. मग संवेदकच बहकला असेल तर? या हरकतीचे उत्तर एका आकड्यात मिळत नाही, अनेक आकडे एकमेकांसमोर उभे करून त्यांची उलटतपासणी घ्यावी लागते. पॅडलला दोन स्वतंत्र संवेदक असतात आणि त्यांच्यात तफावत पडताच मोटरचा जोर तोडला जावा, अशी योजना असते. पॅडलचा आकडा शून्यावर असताना मोटरचा जोर चढलेला दिसला, तर दोष निःसंशय इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेचा. उलट, पॅडलचा आकडा चढेल तसतसा जोर चढत गेला, चाकांचा वेग त्याच्या मागोमाग वाढला, ब्रेकच्या तेलाचा दाब मात्र हललाच नाही, आणि रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात मागचे तांबडे दिवेही पेटलेले दिसले नाहीत, तर चालकाची कैफियत खरी ठरण्यासाठी परस्परांशी संबंध नसलेली इतकी यंत्रे एकाच क्षणी, एकाच दिशेने खोटी पडली असे मानावे लागेल. असे घडणे अशक्य, असे कोणी म्हणू नये. पण तसे म्हणणाऱ्यावर पुराव्याचा भार फार मोठा पडतो.

तथापि दफ्तर कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न उरतोच. एप्रिल २०२१ मध्ये शांघायच्या मोटार-प्रदर्शनात एक महिला टेस्लाच्या छपरावर चढून, आपल्या गाडीचे ब्रेक निकामी झाले होते, असा आक्रोश करू लागली. त्यानंतर कंपनीने अपघातापूर्वीची नोंद बाहेर दिली, पण ती त्या महिलेने मान्य केली नाही. तिचा प्रत्येक आरोप खरा होता असे नव्हे; परंतु कर्जाचा निकाल सावकाराच्याच वहीवरून लागावा, तसा हा प्रकार होता, आणि वही चोख असली तरी कुळाचा तिच्यावर विश्वास बसत नाही. सबब नोंद वाचण्याचे साधन कारखानदारापासून अलिप्त असलेल्या तपासनिसाच्या हाती असणे, हे त्या नोंदीच्या अचूकपणाइतकेच महत्त्वाचे आहे.

सोलमधल्या एका विजेच्या टॅक्सीच्या बाबतीत असा अलिप्त साक्षीदार योगायोगाने हजर होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती टॅक्सी भिंतीवर आदळली. पासष्ट वर्षांच्या चालकाने आपण ब्रेकच दाबत होतो असे सांगितले. पण त्याच्या गाडीत पायांकडे रोखलेला कॅमेराही होता. चित्रणात त्याचा पाय सहा वेळा पॅडल दाबताना आणि सोडताना दिसतो, आणि प्रत्येक वेळी ते पॅडल ॲक्सिलरेटरचेच असते. ब्रेकला पायाचा स्पर्शही होत नाही. गाडी थांबत नाही, म्हणून तो अधिक जोराने दाबतो. दाबतो, म्हणून ती अधिक धावते. आपला पाय कोठे आहे हे चालक पाहत नाही, ते तो गृहीत धरतो, आणि गृहीत चुकले तरी मेंदू दोष पायाला न देता ब्रेकला देतो, हे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड श्मिट यांनी १९८९ सालीच मांडले होते. विजेची मोटर पूर्ण जोर क्षणार्धात देते आणि तिला इंजिनाची डरकाळीही नसते. त्यामुळे चूक उमगायला जो थोडा अवधी पूर्वी मिळे, तो येथे आणखी आखडतो. कारखानदार निर्दोष ठरला तरी गाडीची रचना या चुकीपासून सर्वस्वी अलिप्त राहते, असे म्हणूनच मला वाटत नाही.

अर्ध्या सेकंदाच्या नोंदीत असे दाबणे-सोडणे दोन टिपणांमधल्या फटीतून निसटू शकते, आणि धाव लांबली तर तिचा आरंभच पाच सेकंदांच्या बाहेर राहतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने हा नियम बदलला : यापुढे नोंद वीस सेकंदांची असेल, आणि टिपण दर सेकंदाला दहा वेळा होईल.